वाचकबाईंचं बारावं प्रकरण

माझ्या आत्याचा आवाज गोड नव्हता. हे आधीच सांगते, कारण हल्ली संस्थेतली माणसं तिच्याबद्दल बोलताना ‘मधुर वाणी’ वगैरे शब्द वापरायला लागली आहेत आणि ते कानावर आलं की माझं डोकं फिरतं. तिचा आवाज स्वच्छ होता. बसस्थानकाच्या चौकशीच्या खिडकीत तिनं अख्खी नोकरी काढली. मधे काच, समोर घाईतली माणसं, मागे गाड्यांचा गोंगाट. तिथं प्रत्येक शब्द शेवटच्या अक्षरापर्यंत पोचवावा लागतो, नाहीतर माणूस भलत्याच गाडीत बसतो. ती सवय तिला तिथं लागली आणि निवृत्तीनंतर ती बोलक्या पुस्तकांच्या संस्थेत घेऊन गेली.

ही संस्था दृष्टिहीनांसाठी पुस्तकं वाचून, आवाजात साठवून ठेवते. पगार नाही, मानधन नाही. संध्याकाळी चहा मिळतो, तोही कोमट. तिथं तिला सगळे वाचकबाई म्हणायचे. जिन्याखालच्या अडगळीच्या खोलीला आतून जुनी ब्लँकेटं ठोकून ध्वनिमुद्रणाची खोली केली होती. आत्या आत जाताना मनगटावरचं घड्याळ काढून बाहेर ठेवायची, चपला काढून जाड मोजे घालायची, आणि पोट मधेच गुरगुरू नये म्हणून आधी एक केळं खायची. पान संपायच्या कितीतरी आधी त्याचा कोपरा बोटानं उचलून ठेवायची, म्हणजे उलटताना कागद वाजत नाही. घरी वर्तमानपत्र वाचतानाही तिचं बोट त्या कोपऱ्यावर असायचं. आम्ही तिला त्यावरून खूप चिडवलं आहे.

तिचा एक नियम होता आणि तो तिनं संस्थेतल्या सगळ्या वाचकांच्या गळी उतरवला होता. पुस्तक पूर्ण होईपर्यंत कुणीही ते ऐकायचं नाही. ना वाचणाऱ्यानं, ना दुसऱ्या कुणी. तिचं म्हणणं असं, की माणसानं स्वतःचा आवाज मधेच ऐकला की तो लाजतो, नाहीतर चढून जातो, आणि पुढची पानं वेगळ्याच माणसानं वाचल्यासारखी होतात. नियम बरोबरच होता. पुस्तक पुरं झालं की मग ‘कानवाली’ ते पहिल्यापासून तपासायची. ही बाई स्वतः जन्मापासून दृष्टिहीन, आणि तिच्या कानातून खोकल्याची उबळसुद्धा सुटत नसे. तिनं पास केल्याशिवाय कुठलंही पुस्तक श्रोत्यांकडे जात नाही, असा संस्थेचा रिवाज.

तर एका श्रोत्यानं एक कादंबरी मागितली. टेलिफोन खात्यात आयुष्यभर ऑपरेटर म्हणून काम केलेला, दृष्टी नसलेला, एकटा राहणारा म्हातारा गृहस्थ. दीपगृह सांभाळणाऱ्या एका घराण्याची ती एकतीस प्रकरणांची जाडजूड गोष्ट. एवढं मोठं पुस्तक घ्यायला कुणी तयार होईना, तेव्हा आत्यानं घेतलं. ऑपरेटरसाहेब अधूनमधून घरी फोन करून विचारायचे, कुठवर आलं? आत्या म्हणायची, समुद्रापर्यंत आलंय. पुढचं एक अक्षर सांगायची नाही.

पहिली दहा-अकरा प्रकरणं झाली आणि तिचा घसा बसला. बसला तो उठेना. डॉक्टरांनी नळी घालून पाहिलं. स्वरतंतूवर गाठ होती. शस्त्रक्रिया करावी लागेल, म्हणाले, आणि त्यानंतर जो आवाज उरेल तो कुजबुजीसारखा, खरखरीत असेल. हा आवाज परत यायचा नाही. आत्यानं सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, मला पुस्तक पुरं करायला किती दिवस देता? डॉक्टर चिडले. गाठ साधी नसली तर एकेक आठवडा महागात पडेल, म्हणाले. मीही चिडले. घरी येऊन मी तिला नाही नाही ते बोलले. त्या ऑपरेटरला दुसरं कुणी वाचून दाखवेल, तुला काय त्याचं? ती म्हणाली, “अर्ध्यावर वाचक बदलला की ऐकणाऱ्याच्या डोक्यातली सगळी माणसं बदलतात. मी तसं करणार नाही.” डॉक्टरांनी नाइलाजानं थोडे आठवडे दिले. देताना आपली जबाबदारी नाही, हेही बजावलं.

ते आठवडे मी जवळून पाहिले आहेत. औषधांच्या गोदामातली माझी पाळी संपली की मी तिला आणायला जायची. दिवसभर ती घरात कुणाशी बोलायची नाही. दूधवाल्याला बोटांनी दाखवायची, माझ्याशी मान हलवून भांडायची. जेवढा म्हणून आवाज होता तेवढा त्या खोलीसाठी राखून ठेवायची. एका बैठकीत एक प्रकरण. वाचून झालं की ‘जतन करा’चं बटण दाबायचं, प्रोग्राम क्षणभर विचार केल्यासारखं करायचा आणि मग पडद्यावर हिरवी खूण यायची. टिक. ती खूण आली की आत्या डोळे मिटून घ्यायची. बाहेर यायची तेव्हा गळ्याच्या शिरा ताठ झालेल्या असत आणि रिक्षात ती माझ्या खांद्यावर डोकं टेकायची. एकतिसाव्या प्रकरणाला ती खूण आली त्याच आठवड्यात ती शस्त्रक्रियेला गेली.

ती इस्पितळात असताना कानवालीनं पुस्तक तपासायला घेतलं. अकरा प्रकरणं झाली, नेहमीसारखी बिनचूक. बारावं लावलं, काही नाही. तिला वाटलं हेडफोनची वायर गेली. दुसरा लावला. तरी काही नाही. तिचा संगणक बोलून सांगणारा आहे, त्याला तिनं फाइलची लांबी विचारली. तो म्हणाला, शून्य. तेरावं, शून्य. चौदावं, शून्य. एकतिसाव्यापर्यंत सगळी नावं ओळीनं हजर होती, प्रकरण बारा, प्रकरण तेरा, सगळी शिस्तीत, आणि आत काहीही नव्हतं.

मला हे कळलं ते आत्याची खुर्चीवरची उशी आणायला मी संस्थेत गेले तेव्हा. व्यवस्थापकांनी मला बसवलं, पाणी दिलं आणि फार हळुवार आवाजात सांगितलं, की बाई आजारी होत्या, मनावर ताण होता, बटण दाबायचं राहून गेलं असेल, होतं असं वयाप्रमाणे. वीस प्रकरणं राहून गेली? वीस वेळा? मी विचारलं, तर म्हणाले, “हे बघा, मधे कुणी ऐकून पाहिलं असतं तर लगेच लक्षात आलं असतं. पण न ऐकण्याचा नियम तुमच्या आत्याबाईंचाच ना?” आणि सूचीत त्यांनी त्या पुस्तकापुढे शेरा मारूनसुद्धा टाकला होता: वाचकाकडून अपूर्ण.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी उशी तिथंच टाकली आणि तळमजल्यावर गेले. तिथं संस्थेचं कोठार आहे. म्हणजे वाचलेली सगळी पुस्तकं ज्या मोठ्या साठवणयंत्रात राहतात ते. ध्वनिमुद्रणाच्या खोलीतला संगणक तारेनं त्याला जोडलेला असतो, आवाज तिथं जाऊन पडतो. कोठार सांभाळणारा तंत्रज्ञ कंत्राटी माणूस, सज्जन, पण मूग गिळून बसणारा. मी दारातच उभी राहिले आणि खरं काय ते सांग म्हटलं. त्यानं आधी दार लावून घेतलं.

त्यानं जे सांगितलं ते मला लगेच समजलं, कारण माल उतरवून घेणं आणि जागा बघून ठेवणं हा गोदामात माझा धंदाच आहे. कोठार भरलं होतं. अकराव्या प्रकरणानंतर त्यात तिळभर जागा नव्हती. पण खोलीतला संगणक बोललेला आवाज तेव्हाच्या तेव्हा खाली पाठवत नाही. आधी स्वतःजवळ धरून ठेवतो, ‘मिळालं’ म्हणतो, आणि मग सवडीनं पुढे धाडतो. गोदामाच्या फाटकावर पहारेकऱ्यानं माल उतरवून घ्यावा, ट्रकवाल्याला बरं म्हणावं, आणि आत कप्पे भरलेत की रिकामे हे नंतर बघावं, तसं. त्यामुळे वाचत असताना सगळं ठीक दिसतं. जागा नाही हे कळतं ते शेवटी, फाइल बंद करताना. त्या वेळी कोठाराकडून उत्तर येतं: नाही, हे ठेवता आलं नाही. ते उत्तर येतंच. प्रोग्रामनं फक्त ते ऐकायचं असतं.

आमच्या प्रोग्रामनं ते ऐकलंच नव्हतं. फाइल बंद करायची आणि उत्तर काय आलं ते न बघता हिरवी खूण दाखवायची, असंच तो लिहिला होता. लिहिला होता अध्यक्षांच्या जावयानं, फुकट, सेवा म्हणून, आणि त्याबद्दल त्याचं छापील कौतुक दर्शनी भिंतीवर लावलेलं आहे. ऐकण्यासाठी चालवलेल्या संस्थेत एवढं एक उत्तर ऐकायची कुणाला गरज वाटली नाही.

“मग नावं कशी दिसतात?” मी विचारलं.

“नावाला जागा लागत नाही, ताई. नसल्यासारखीच लागते. ती कुठंतरी मावतात.”

आणि त्या संगणकानं स्वतःजवळ धरून ठेवलेला आवाज? तो तरी उरला असेल की नाही? तंत्रज्ञानं मान हलवली. पाठवण्यापुरता धरला होता, समोरून नकार आल्यावर सोडून दिला. संध्याकाळी यंत्र बंद होतं, मग तर काहीच राहत नाही. त्यानं शोधलं होतं, खरोखर शोधलं होतं, हे त्याच्या चेहऱ्यावरून दिसत होतं.

पण मला अजून एक गोष्ट कळायची होती. एवढं मोठं कोठार भरलं कशानं? तो घुटमळला. मग पडद्यावर दाखवलं. अध्यक्षांच्या सत्कारसमारंभाचं चित्रीकरण होतं. चार बाजूंनी चार कॅमेरे, प्रत्येकाचं अख्खं चित्रीकरण, शिवाय त्याच्या प्रती, शिवाय नातेवाइकांना द्यायला वेगळ्या प्रती. दृष्टिहीनांच्या पुस्तकांच्या कोठारात अध्यक्षांचे हार चारी बाजूंनी ठेवले होते आणि त्यांनी सगळी जागा खाल्ली होती. कोठारानं त्याची सूचनाही दिली होती. तळमजल्याच्या पडद्यावर लाल अक्षरांत रोज येत होती. तंत्रज्ञानं व्यवस्थापकांना सांगितलं, तेव्हा ते म्हणाले, नव्या वर्षात बघू, आणि ते लाल काय दिसतंय ते आधी बंद करा, पाहुणे येतात. यानं बंद केलं. नोकरी कंत्राटी, तो तरी काय करणार, असं तुम्ही म्हणाल. मी म्हणणार नाही. मी त्याला तेव्हाच सांगितलं, की वर जिन्याखाली एक बाई गळा फाडून वाचते आहे हे तुला माहीत होतं.

त्या दिवसांत आणखी दोघांचं वाचन गेलं होतं. पण त्यांचे गळे शाबूत होते. ते पुन्हा वाचायला बसले.

अध्यक्षांकडे गेले तेव्हा त्यांनी माझं सगळं ऐकून घेतलं, मधेच चष्मा पुसला, आणि म्हणाले, “यात कुणाचीच चूक नाही. यंत्र म्हटलं की असं व्हायचंच.” हे वाक्य मी आयुष्यात विसरणार नाही. यंत्रानं तर सांगितलं होतं. कोठारानं सांगितलं, बंद होताना फाइलनं सांगितलं. इथं न सांगणारी सगळी माणसं होती. आणि एवढं झाल्यावर खापर कुणाच्या डोक्यावर, तर जिला आता तोंड उघडून नाही म्हणता येत नाही तिच्या.

आत्या घरी आली. गळ्यावर पट्टी, आवाज म्हणजे लाकडावर पॉलिश पेपर घासावा तसा, तोही मोजकाच. गाठ साधी निघाली होती, तेवढं एक नशीब. तिला कसं सांगायचं या विचारात मी दोन दिवस भांडी आपटत हिंडले. शेवटी तिनंच विचारलं, कानवाली काय म्हणाली? मग मी सगळं सांगितलं, काही झाकून ठेवलं नाही. मला वाटलं रडेल. ती रडली नाही. तिनं एवढंच विचारलं, की पडद्यावर खूण आली होती ना? मी हो म्हटलं. ती म्हणाली, “मग मी अपूर्ण कशी?” आणि भिंतीकडे तोंड करून पडून राहिली. मी तिच्या पाठीवर हात ठेवला तर तिनं तो झटकून टाकला. तो राग होता. मी तिला इतकं रागावलेलं कधी पाहिलं नव्हतं, बसस्थानकातल्या आयुष्यातसुद्धा.

कार्यकारिणीनं एक तोडगा काढला होता. ती अकरा प्रकरणं काढून टाकायची, पुस्तक पहिल्यापासून दुसऱ्या वाचकाकडून वाचून घ्यायचं, आणि वाचकबाईंचा छोटासा सत्कार करायचा. चित्रीकरणासह असणार बहुतेक. आत्याला हे सांगायला सभेत बोलावलं. ती गळ्याभोवती पंचा गुंडाळून गेली, मी सोबत. लांब टेबल, एका टोकाला अध्यक्ष, शेजारी व्यवस्थापक, कोपऱ्यात कानवाली.

अध्यक्षांचं बोलणं संपेपर्यंत आत्या गप्प होती. मग तिनं सांगितलं, तिला सत्कार नको. अकरा प्रकरणं राहतील. सूचीतला शेरा जाईल. पुढचं दुसऱ्या कुणी वाचावं, तिची हरकत नाही. पण बाराव्या प्रकरणाच्या सुरुवातीला तिचं स्वतःचं एक निवेदन असेल, आता जो आहे त्या आवाजात. एवढं बोलायला तिला मधे कितीदा थांबावं लागलं. प्रत्येक वेळी टेबलाभोवतीची माणसं खोकल्यासारखं करून दुसरीकडे बघत होती.

व्यवस्थापक म्हणाले, हा आवाज संस्थेच्या दर्जात बसत नाही. श्रोत्यांना त्रास होईल. त्यापेक्षा आपण ‘काही तांत्रिक अडचणीमुळे’ असं एक वाक्य चांगल्या आवाजात घालू.

आत्या उठून उभी राहिली. “अडचण नव्हती,” ती म्हणाली. “जागा भरली होती. तुम्हाला माहीत होतं. तुम्ही मला सांगितलं नाहीत.”

अध्यक्षांनी चष्मा काढला, पण पुसला नाही. मला बोलायचं होतं, गोदामात बोलतात तशा भाषेत बोलायचं होतं, पण आत्यानं माझा हात दाबून धरला होता. तेव्हा कोपऱ्यातून कानवाली म्हणाली, की निवेदन नसेल तर ती हे पुस्तक पास करणार नाही, आणि यापुढचंही कुठलं करणार नाही. तिच्यासारखे कान त्यांना दुसरीकडे मिळणार नव्हते. अशा रीतीनं न्याय झाला. न्याय म्हणायचा आपला.

आत्या पुन्हा त्या ब्लँकेटांच्या खोलीत गेली. तिथं तिनं वाचलं: “यापुढची वीस प्रकरणं मी वाचली होती. ती ठेवली गेली नाहीत, आणि हे मला कुणी कळवलं नाही. यापुढे दुसऱ्या बाई वाचतील.” मग तंत्रज्ञाला बोलावून कोठारातून ते परत वाजवून घेतलं, आणि वाजल्यावरच ती उठली. अध्यक्षांचे चार कॅमेरे एव्हाना कोठारातून हलले होते, पुष्कळ जागा झाली होती.

पुस्तक श्रोत्यांकडे गेलं. काही दिवसांनी दुपारी फोन वाजला, मीच उचलला. ऑपरेटरसाहेब होते. बारावं नुकतंच सुरू केलंय, म्हणाले, आणि त्यांना फार राग आला होता. “मधेच एक बाई येऊन बोलतात. कोण आहेत त्या? वाचकबाईंचं वाचन घालवलं, वर ‘मी वाचलं होतं’ म्हणतात. खोटं बोलतात हो. वाचत होत्या वाचकबाई, मी ओळखतो त्यांचा आवाज. तुम्ही तक्रार करा.”

आत्या शेजारीच बसली होती आणि फोनमधला प्रत्येक शब्द बाहेर ऐकू येत होता. तिनं माझ्या हातातून फोन घेतला.

“मीच ती,” ती म्हणाली.

पलीकडून ते म्हणाले, “पुन्हा बोला.”

“मीच ती. वाचकबाई.”

“आणखी थोडं बोला,” ते म्हणाले, “काहीही बोला. पुढच्या वेळी ओळखता यायला हवं.”

आत्या बोलायला लागली. काय जेवलो, बाहेर ऊन किती आहे, शेजारी कुणी भिंतीत खिळा ठोकतंय, असलं काहीबाही, थांबत, खरखरत, प्रत्येक शब्द शेवटच्या अक्षरापर्यंत पोचवायची धडपड करत. अध्यक्ष, व्यवस्थापक आणि तो जावई, तिघांना हे ऐकायला आमच्या त्या खोलीत खुर्च्या मांडून बसवायला हवं होतं.